उन्हात उभी गाडी, लहान मुलं आणि पाळीव प्राणी: तुमच्याकडे काय काळजी घेता?

रानवारा (नागपूर)

शाळांना सुट्ट्या लागल्या, आणि "गाडीत बाळ विसरू नका" असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरायला लागले. निरोप चुकीचे नाहीत. पण बहुतेक अमेरिकेतून भाषांतर होऊन आलेले असतात. तिकडे मागच्या सीटवर झोपलेलं बाळ विसरून आईवडील कामावर निघून जातात. आपल्याकडच्या बातम्या एकापुढे एक ठेवल्या की वेगळंच चित्र दिसतं.

जून २०२३, आमचं नागपूर. खेळायला गेलेली तीन मुलं हरवली आणि दुसऱ्या दिवशी घराजवळच उभ्या असलेल्या गाडीत मृत सापडली. एप्रिल २०२४, मुंबईत अँटॉप हिल. पडून असलेल्या जुन्या गाडीत ५ आणि ७ वर्षांची दोन भावंडं. नोव्हेंबर २०२४, गुजरातमधला अमरेली जिल्हा. शेतमजूर कुटुंबातली चार भावंडं. मे २०२५, आंध्रातला विजयनगरम जिल्हा. गावात उभ्या गाडीत चार मुलं.

यातल्या एकाही मुलाला कुणी गाडीत विसरलं नव्हतं. मुलं खेळता खेळता आपणहून आत शिरली आणि दार पुन्हा उघडलं नाही. म्हणून मला वाटतं, आपल्याकडे पहिली सूचना "बाळ विसरू नका" ही नकोच. "रिकामी गाडी उघडी ठेवू नका" ही हवी. ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांनाही ती लागू आहे.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज दुपारी लपाछपी चालते. निम्म्या गाड्या नुसत्या लोटलेल्या असतात, कारण "आपल्याच आवारात कोण चोरी करतंय". तुमच्या सोसायटीत, वाड्यात, गावात यासाठी काय करता? शिवाय दोन-तीन जण कुत्र्याला गाडीत ठेवून "पाच मिनिटांत येतो" म्हणून वर जातात, त्यांना कसं समजवायचं तेही सांगा.

चिमणचारा

फार गरजेचा धागा. नागपूरच्या बातमीनंतर आमच्याकडे कित्येक दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. वाचते आहे.

वाड्यातला

विषय गंभीर आहे, मान्य. पण थोडं वेगळं बोलतो. आमच्या लहानपणी वाड्याच्या दारात अँबॅसिडर उभी असायची. सगळी सुट्टी आम्ही तिच्यात ड्रायव्हर-कंडक्टर खेळण्यात घालवली, कुणाला काही झालं नाही. आता प्रत्येक गोष्टीची भीती घालून मुलांना घरात मोबाइलसमोर बसवायचं का? चार घटना घडल्या म्हणून देशभरच्या पोरांची लपाछपी बंद करू नका.

पाना_पक्कड (सांगली)

वाड्यातला काका, माझं गॅरेज आहे, म्हणून फरक सांगतो. तुमच्या अँबॅसिडरच्या काचा हँडलनं खाली यायच्या आणि दाराचा खटका लहान पोरालाही दिसायचा, ओढता यायचा. आताच्या गाडीत तसं राहिलेलं नाही.

सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे मागच्या दारांचं चाइल्ड लॉक. दार उघडून कडेला बघा, एक बारीक खटका असतो. तो लावलेला असला की मागचं दार आतून उघडतच नाही. गाडी लॉक असो वा नसो. घरात लहान मूल आहे म्हणून बापानं तो लावलेला असतो, आणि ते बरोबरच आहे. पण पार्किंगमधली पोरं मागच्या दारानं आत शिरतात, लपायचं म्हणून दार ओढून घेतात, आणि अडकतात. बाहेरून एका बोटानं उघडणारं दार आतून मोठ्या माणसालाही उघडत नाही. पुढच्या सीटवर जाऊन पुढचं दार उघडायचं हे चार वर्षांच्या पोराला सुचणार कसं? घाबरलेलं पोर त्याच दाराशी झटत बसतं.

दुसरं, महिनोन् महिने उभी असलेली गाडी. बॅटरी उतरलेली, म्हणजे पॉवर विंडो बंद आणि हॉर्नही बंद. रबर चिकटलेलं, दाराची आतली कडी तुटलेली किंवा गंजलेली. असं दार बाहेरून हिसका मारून उघडतं आणि आपटून बंद झालं की बसतं घट्ट. आमच्या लाइनीत अशा गाड्या दारात उभ्या असतातच, विम्याच्या क्लेमच्या, भांडणाच्या, मालक न आलेल्या. मी माझ्याकडच्या गाड्यांची चारही दारं आणि डिकी रोज संध्याकाळी हातानं ओढून बघतो, पोरगं आत नाही ना हे बघूनच लॉक करतो, आणि किल्ल्या वरच्या फळीवर ठेवतो. पोरं गॅरेजभोवती फिरणारच.

वाड्यातला

चाइल्ड लॉकचं हे खरंच ध्यानात आलं नव्हतं. पण माझा मुद्दा कायम आहे. कुलूप गाडीला लावा, पोरांना लावू नका.

रानवारा (नागपूर)

काका, मग आपलं एकमतच आहे. मलाही हेच म्हणायचं होतं.

फिनिक्सवासी

मी ॲरिझोनात राहते, तेव्हा इकडचं थोडं लिहिते. रानवारा म्हणतात तो फरक खरा आहे, पण पूर्ण नाही. अमेरिकेत १९९८ पासून या मृत्यूंची नोंद ठेवली जाते. वर्षाला सरासरी ३५ ते ४० मुलं जातात, २०१८ आणि २०१९ मध्ये तर आकडा ५० च्या वर गेला. त्यातली निम्म्याहून थोडी अधिक विसरलेली असतात. पण साधारण चौथा हिस्सा आपणहून गाडीत शिरलेल्या मुलांचा आहे. म्हणजे तुम्ही सांगता तो प्रकार इथेही घडतो, फक्त बातम्यांत विसरणाऱ्यांची चर्चा जास्त होते.

इथल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठानं २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असलेल्या दिवसांत गाड्या उन्हात आणि सावलीत उभ्या करून मोजमाप घेतलं. उन्हातल्या गाडीत तासाभरात हवा सरासरी ४७ अंश, स्टिअरिंग ५३, आणि डॅशबोर्ड ६९. सावलीतल्या गाडीतही हवा ३८ वर पोचली. त्यावरून हिशेब मांडला तेव्हा दोन वर्षांच्या मुलाचं शरीर उष्माघाताच्या पातळीला उन्हात साधारण तासाभरात आणि सावलीत दोन तासांच्या आत पोचतं असं निघालं. "झाडाखाली लावली आहे" याचा अर्थ एवढाच, की थोडा उशीर होईल.

वऱ्हाडी_ऊन

राजेहो, तुमचं ३८ म्हणजे आमचा मार्च महिना. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीले मे महिन्यात ४५ म्हणजे रोजचीच गोष्ट, अन् नागपुरात २३ मे २०१३ ले ४७.९ झालं होतं. नवतप्यात दुपारी बारा ते चार आमच्याकडे कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. गाडीच्या दाराले हात लावला तर चटका बसते. सीटबेल्टचं लोखंडी टोक पोराच्या मांडीले लागलं तर फोड येते. मी तर बुवा लेकरू बसवायच्या आधी सगळी दारं उघडून गाडी मोकळी होऊ देतो, बेल्टले हात लावून पाहतो, मंगच आत बसवतो.

सह्याद्रीची_लेक

कितीही वाचलं तरी मला कळत नाही, पोटचं मूल माणूस विसरतो कसं? किराणा विसरेल, छत्री विसरेल. आईबापांचं लक्ष मोबाइलमध्ये असतं, दुसरं काही नाही. अशांवर गुन्हाच दाखल व्हायला हवा.

डॉक्टर_आजी (अकोला)

सह्याद्री, तुझा राग समजतो गं. पण "मी चांगली आई आहे, मी विसरणार नाही" हा विश्वासच इथे दगा देतो. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले डेव्हिड डायमंड यांनी याच प्रश्नावर बरीच वर्षं काम केलं आहे. रोजच्या रस्त्यानं गाडी चालवताना मेंदूचा सवयीचा भाग काम हाती घेतो. "आज बाळाला पाळणाघरात सोडायचं आहे" ही वेगळी आठवण दुसऱ्या भागाकडे असते. झोप झालेली नाही, रोजचा क्रम बदललेला आहे, बाळ मागे शांत झोपलेलं आहे, अशा वेळी सवय आठवणीवर मात करते. माणूस ऑफिसला पोचतो आणि बाळ सोडलं आहे अशी त्याची पक्की समजूत असते. प्रेम कमी असण्याशी याचा संबंध नाही. बाळ मागे असेल तेव्हा आपली पर्स, मोबाइल किंवा एक चप्पल मागच्या सीटखाली ठेवा. उतरताना मागचं दार उघडावंच लागेल.

आपल्याकडे हा प्रकार जरा निराळ्या वाटेनं घडतो. मे २०२४ मध्ये राजस्थानात कोटा भागात एक कुटुंब लग्नाला गेलं. आई मोठ्या मुलीला घेऊन उतरली, वडील गाडी लावायला गेले. धाकटी आईबरोबर उतरली असं वडिलांना वाटलं, ती वडिलांजवळ आहे असं आईला वाटलं. तीन वर्षांची पोर गाडीतच राहिली आणि गेली. लग्नघरात दहा हातांत मूल फिरत असतं, त्यामुळे कुणाच्याच हातात नसलं तरी कळत नाही. जिथे माणसं जास्त तिथे धोका कमी, असं आपण समजतो. मी उलट समजते. लग्नाला, जत्रेला, देवदर्शनाला जाताना प्रत्येक लहान मूल एका ठरावीक माणसाच्या नावावर ठेवा. "सोनू मावशीकडे" म्हटलं की मावशीनं मोठ्यानं "हो, माझ्याकडे" म्हणायचं. हात बदलला तर पुन्हा सांगायचं.

आता उष्माघाताविषयी. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तिपटीनं, कधी पाचपटीनं लवकर तापतं. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलं आणि मूल गुंगीत गेलं, असंबद्ध बोलू लागलं, झटके आले की तो उष्माघात. अंग घामेजलेलं असलं तरी उष्माघात असू शकतो, "अंग कोरडं नाही" म्हणून थांबू नका. आधी सावलीत किंवा वाऱ्यात न्या, कपडे काढा, अंगावर साधं पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत लावा. १०८ ला फोन दुसऱ्या कुणाला करायला सांगा, तुम्ही पाणी ओतणं थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, कांद्याचा रस, काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाचं औषध देऊन वेळ घालवू नका. हा संसर्गाचा ताप नाही, त्या औषधानं उतरत नाही.

सह्याद्रीची_लेक

डॉक्टर आजी, कोट्याची गोष्ट माहीत नव्हती. "माझ्याकडे" असं मोठ्यानं म्हणायची पद्धत पुढच्या महिन्यात दिराच्या लग्नातच सुरू करते. मोबाइलबद्दलचं मत मात्र अजून तेच आहे.

बंड्याची_ताई (पुणे)

कुत्र्यांविषयी कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी. आमचा बंड्या पग आहे. जाडगेला, आळशी आणि अतिशय प्रेमळ.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजांच्या गाद्यांना येतो. त्याचं सगळं काम धापा टाकण्यावर चालतं. जीभ बाहेर काढून श्वास घेताना ओल सुकते आणि तो गार होतो. पण गाडीतली हवाच तापलेली आणि त्याच्याच श्वासानं दमट झालेली असली की धापा टाकून काही उपयोग होत नाही. पग, बुलडॉग, शित्झू, पर्शियन मांजर यांची नाकं बसकी, श्वासाची वाट मुळातच अरुंद. बंड्या तर संध्याकाळी जिना चढून आला तरी घोरायला लागतो.

काच दोन बोटं खाली ठेवली की पुरे, असं म्हणणारे फार भेटतात. २००५ साली 'पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. बाहेर फक्त २२ अंश असताना बंद गाडीत तासाभरात ४७ पर्यंत तापमान गेलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. २२ अंश म्हणजे पुण्यात चक्क गारवा!

रानवारा, तुमच्या "पाच मिनिटांत येतो" वाल्यांसाठी माझा अनुभव. वाद घातला की माणसं चिडतात. मी फक्त म्हणते, "दादा, तुम्ही जाऊन या, मी त्याला घेऊन इथे सावलीत थांबते." दहापैकी नऊ जण लाजून कुत्र्याला बरोबर घेऊन जातात. दहावा खरंच माझ्या हातात पट्टा देतो, तेही चालतं.

भटकी_मांजर

ताई, त्या दहाव्यासाठी मी पण पट्टा धरायला तयार आहे. बंड्याचा पापा घ्या.

समृद्धीचा_प्रवासी

कुत्रा घेऊन लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांची खरी अडचण जेवणाच्या थांब्याला येते. हॉटेलात कुत्रा चालत नाही, म्हणून मंडळी त्याला गाडीत ठेवतात. आम्ही दरवर्षी समृद्धी महामार्गानं नागपूरला जातो. ७०१ किलोमीटरचा रस्ता, मधला बराच भाग उघडा माळ, सावली शोधून सापडत नाही. आम्ही दोन तुकड्यांत जेवतो, एक जण कुत्र्याबरोबर बाहेर. डबा असेल तर सगळेच बाहेर. आणि निघायचं पहाटे, म्हणजे ऊन चढायच्या आत निम्मं अंतर मागे पडतं.

ईव्हीप्रेमी

एसी चालू ठेवून गेलं तर? माझी गाडी इलेक्ट्रिक आहे, धूर नाही. टेस्लात २०१९ पासून यासाठी वेगळी सोयच आहे, आत किती तापमान आहे ते पडद्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतं.

पाना_पक्कड (सांगली)

पेट्रोल-डिझेलवाल्यांनी तर अजिबात करू नका. बंद जागेत, बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवलं तर विषारी वायू साठतो. एसीचा बेल्ट तुटला, कॉम्प्रेसर बंद पडला, इंजिन गरम होऊन बंद झालं तर आतल्याला सांगता येत नाही. चालू गाडीत एकटं पोर असेल तर ते गिअरला हात लावणारच. इलेक्ट्रिक गाडीत धूर नाही हे खरं, पण एसी बंद पडायचा तर तिचाही पडतो. लेकराला तर कुठल्याच गाडीत एकटं ठेवू नका.

ईव्हीप्रेमी

ठीक. मुलासाठी विचारत नव्हतो, कुत्र्यासाठी विचारत होतो. पण मुद्दा पटला.

टोकियोकर

जपानमधला एक अनुभव सांगतो, तो आपल्याकडे तंतोतंत उपयोगी पडेल. सप्टेंबर २०२२ मध्ये शिझुओका प्रांतात बालवाडीच्या बसमध्ये तीन वर्षांची मुलगी राहून गेली आणि वारली. त्याच्या आदल्या वर्षी फुकुओकातही असंच झालं होतं. त्यानंतर सरकारनं एप्रिल २०२३ पासून अशा बसमध्ये गजर बसवणं सक्तीचं केलं. चालकाला तो बंद करायला बसच्या मागच्या टोकापर्यंत जावं लागतं, म्हणजे वाटेत सगळ्या सीट बघितल्या जातात.

पण मला जास्त भावलं ते दुसरं. कित्येक बालवाड्यांनी मुलांना रिकाम्या बसमध्ये नेऊन हॉर्न वाजवायला शिकवलं. चिमुकल्या हातांत तेवढा जोर नसतो, बटण दबतच नाही. मग शिकवलं, की स्टिअरिंगकडे पाठ करायची आणि ढुंगण टेकवून हॉर्नवर बसायचं. मुलं खिदळत शिकली. माझ्या मुलीनं घरी येऊन आमच्या गाडीत प्रात्यक्षिक दाखवलं, सगळी गल्ली बाहेर आली.

वऱ्हाडी_ऊन

हे लय भारी आहे राजेहो! आमच्या पोट्ट्याले उद्याच शिकवतो. शेजाऱ्यायले आधी सांगून ठेवा लागन.

पाना_पक्कड (सांगली)

टोकियोकर, छान माहिती. फक्त आधी आपल्या गाडीचा हॉर्न किल्ली न लावता वाजतो का ते बघून घ्या. बऱ्याच गाड्यांत वाजतो, सगळ्यांत नाही. आणि मी वर लिहिलंय तसं, उभ्या राहून बॅटरी मेलेल्या गाडीत हॉर्न वाजणार नाही. तिथे एकच उपाय, पोर आत शिरूच नये.

हॉर्नबरोबर दुसरं शिकवा: मागचं दार उघडलं नाही तर दोन सीटच्या मधून पुढे यायचं आणि पुढचं दार उघडायचं. तोंडी सांगून येत नाही. पोराला मागे बसवा, तुम्ही पुढे बसा, दारं लॉक करा आणि चार वेळा करून घ्या. काही गाड्यांत कडी एकदा ओढली की लॉक सुटतं आणि दुसऱ्यांदा ओढली की दार उघडतं, ते पोराच्या हाताला माहीत पाहिजे.

आखातातून

बसचा विषय निघाला म्हणून लिहितो. दुबईत २०१९ मध्ये एक भारतीय मुलगा, दोहात २०२२ मध्ये चार वर्षांची भारतीय मुलगी, दोघंही बसमध्ये झोपलेली राहून गेली आणि वारली. दोहाच्या मुलीची बालवाडी सरकारनं बंद केली. इथे उन्हाळ्यात दुपारी पार्किंगमधून चालत जाणंही नको होतं, बंद बसचं काय सांगावं.

भारतात भावाची मुलं व्हॅननं शाळेत जातात. व्हॅनवाले काका अतिशय भला माणूस, पण एकटेच, मदतनीस नाही. मी भावाला दोन गोष्टी करायला लावल्या. काकांनी मुलं उतरवल्यावर मागच्या सीटवर वाकून बघायचं, सीटखालीसुद्धा. आणि मूल वर्गात हजर नसेल तर पहिल्या तासातच शाळेनं घरी फोन करायचा. शाळेनं आधी कुरकुर केली, मग सगळ्या पालकांनी मिळून अर्ज दिल्यावर मान्य केलं. हा दुसरा उपाय फुकटचा आहे आणि सगळ्यात खात्रीचा आहे असं मला वाटतं.

काळा_कोट

दोनदा कायद्याचा उल्लेख आला म्हणून थोडक्यात.

मुलाची जबाबदारी असलेल्या माणसानं जाणूनबुजून त्याला धोक्यात टाकलं तर बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. प्राण्यांसाठी १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. होय, आजही. गाडीत कुत्रा कोंडणाऱ्याला त्याचा धाक वाटेल कशाला.

काच फोडावी का, हा खरा प्रश्न. मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू नसताना, चांगल्या भावनेनं केलेल्या कृतीला न्याय संहितेच्या कलम १९ चं संरक्षण आहे. आत मूल गुंगीत दिसत असेल तर मालकाची वाट बघू नका. ११२ ला फोन करा, आजूबाजूच्या दोघांना साक्षीला बोलवा, एकाला मोबाइलवर चित्रण करू द्या, दारं ओढून बघा आणि फोडा. कॅलिफोर्नियात प्राणी वाचवण्यासाठी काच फोडणाऱ्याला २०१७ पासून कायद्यानं स्पष्ट अभय आहे. आपल्याकडे तसा नेमका कायदा नाही, म्हणून साक्षीदार महत्त्वाचे.

चिमणचारा

पण फोडायची कशानं? चित्रपटात कोपरानं फोडतात तशी फुटते का?

पाना_पक्कड (सांगली)

कोपरानं अजिबात नाही, हाड मोडेल. पुढची मोठी काच सोडून द्या, दोन काचांमध्ये थर असतो, तडे जातात पण काच जागची हलत नाही. बहुतेक गाड्यांत बाजूच्या दारांच्या काचा टफन असतात, त्या फोडायच्या. पोर जिथे असेल त्याच्या सगळ्यात लांबची काच निवडा. मध्यभागी मारू नका, कोपऱ्यात मारा, आणि टोकदार, कडक वस्तूनं. व्हील पाना, हातोडी, अणकुचीदार दगड चालतो. काचेचे बारीक दाणे होऊन पडतात. हाताला कापड गुंडाळून आत घाला आणि कडी ओढा.

भटकी_मांजर

थोडं अवांतर. पार्किंगचा विषय चालूच आहे तर गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. मांजराची पिल्लं सावलीसाठी चाकाच्या वर, इंजिनजवळ जाऊन बसतात. आणि उन्हाळ्यात प्रत्येक विंगखाली एक पाण्याचं भांडं ठेवा, सावलीत.

कोकणचो_बाबलो

आमच्या घरात माझी म्हातारी आई सगळ्यांचा पहारा करते. नातवाच्या पायात घुंगरांचे वाळे घातलेत. आवाज थांबला की ती सुपारी कातरायची थांबते आणि हाक मारते, "रे बाबू, खंय असस?" उत्तर आलं नाही की उठलीच. गाडीची किल्ली तिनं देव्हाऱ्याच्या वरच्या कोनाड्यात ठेवायला लावली आहे, पोराचा हात पोचणार नाही अशी. आधी आम्ही टीव्हीशेजारी टाकायचो, आणि पोरगा रिमोटचं बटण दाबून गाडीचे दिवे लावत बसायचा.

डॉक्टर_आजी (अकोला)

बाबलो, आईंना माझा नमस्कार सांगा. आवाज थांबला की उठायचं, हे त्यांनी फार नेमकं पकडलं आहे.

त्यावरून आठवलं. मूल हाकेला उत्तर देत नाही असं झालं की आपण आधी शेजारीपाजारी विचारत फिरतो, मग बाजारात, मग स्टँडवर. क्रम बदला. आधी पाणी बघा: टाकी, हौद, विहीर, मोठी बादली. लगेच दुसऱ्या माणसानं आवारातल्या सगळ्या गाड्या बघायच्या, सीटखाली आणि डिकीतसुद्धा. या दोन ठिकाणी उशीर परवडत नाही. बाकी सगळीकडे दहा मिनिटांनी गेलं तरी चालतं.

वाड्यातला

डिकी आतून उघडते का हो? नातू फुटबॉल काढायला डिकीत अर्धा आत वाकलेला असतो नेहमी.

पाना_पक्कड (सांगली)

काका, मागे वेगळी डिकी नसलेल्या आखूड गाडीत मागच्या सीटची पाठ पडते, तिथून आत येता येतं, तेही पोराला जमलं तर. लांब डिकीच्या गाडीत अवघड. अमेरिकेत २००२ च्या मॉडेलपासून डिकीत अंधारात चमकणारी कडी सक्तीची आहे, आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत ती नाही. तुमच्या गाडीची डिकी उघडून आतल्या बाजूला बघा, कडी असेल तर नातवाला दाखवून ठेवा. नसेल तर फुटबॉल घरात ठेवा.

रानवारा (नागपूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सोसायटीची बैठक झाली, तिथे हा धागा वाचून दाखवला. सुरुवातीला "पोरांना पार्किंगमध्ये बंदीच करा" असा सूर होता. वाड्यातला काकांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत सांगितलं, "कुलूप गाडीला लावा, पोरांना लावू नका", आणि वारं फिरलं.

ठरलं ते असं. पहारेकरी दादा दुपारी बारा आणि तीनला प्रत्येक गाडीचं दार आणि डिकी ओढून बघतील. आत वाकून बघितल्यानंतर, गाडी उघडी असेल तर मालकाला तिथूनच फोन. तिसऱ्यांदा उघडी सापडली तर गटावर गाडीचा नंबर टाकायचा. यावर दोघांनी नाराजी दाखवली, पण ठराव झाला. रविवारी सकाळी मुलांना हॉर्नचं आणि पुढच्या दाराचं शिकवायचं आहे, टोकियोकरांच्या पद्धतीनं. कुत्र्यांसाठी तळमजल्यावरच्या पंख्याखाली पट्टा अडकवायला कडी आणि पाण्याचं भांडं ठेवतो आहोत, म्हणजे "पाच मिनिटांत येतो" म्हणणाऱ्याला जागा मिळेल. तिथे कुणीतरी माणूस थांबेल ही अट आहे.

एक प्रश्न उरला. आमच्या कंपाउंडच्या मागच्या गल्लीत कधीपासून एक बेवारस गाडी पडून आहे. एका दाराची काच फुटलेली, बाकी दारं उघडी. मालक माहीत नाही. तिचं काय करायचं?

काळा_कोट

नंबरप्लेट, चेसिस नंबर दिसत असेल तर तो, आणि जागेचा फोटो घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात आणि वाहतूक पोलिसांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नोटीस लावून ठरावीक मुदतीनंतर पालिका अशा गाड्या उचलते. अर्जात "लहान मुलं आत शिरण्याचा धोका" हे शब्द जरूर घाला.

पाना_पक्कड (सांगली)

तोवर आत कुणी नाही हे नीट बघून, सीटखाली आणि डिकीतही, चारही दारांच्या कड्या बाहेरून जाड तारेनं एकमेकींना आवळून बांधा. फुटक्या काचेवर पत्रा ठोका. पोराच्या हातानं सुटणार नाही अशी गाठ मारा.

रानवारा (नागपूर)

तार आणि पत्रा आणायला माणूस पाठवला आहे. अर्ज उद्या सकाळी देते, पोच मिळाली की इथे कळवते.